बोट कुठे तुटले? : कामावरच्या अपघाताच्या पुराव्याविषयी

भरपाईच्या दाव्यात बोट तुटले की नाही यावर सहसा वाद होत नाही. हात पुढे केला की ते दिसते. वाद होतो तो बोट कुठे तुटले, किती वाजता तुटले आणि त्या वेळी माणूस कोणाचे काम करत होता, यावर. मालकाच्या कैफियतीचा सारांश बहुतेक वेळा तीन वाक्यांत मावतो : हा आमचा कामगार नव्हेच, असला तरी त्या दिवशी तो कामावर नव्हता, कामावर असला तरी अपघात कामामुळे झालेला नाही. या तीन वाक्यांना उत्तर द्यायचे ते कागदांनी आणि साक्षीदारांनी. पण मस्टर, पगारपत्रक, अपघात नोंदवही आणि गेटची नोंद हे सगळे कागद त्याच मालकाच्या कपाटात असतात आणि साक्षीदार त्याच मालकाच्या पगारावर जगत असतात. ही पुस्तिका या अडचणीतून वाट काढण्यासाठी लिहिलेली आहे.

कायद्याची कलमे आणि भरपाईची कोष्टके देणारी पुस्तके बाजारात मिळतात. पुरावा कसा गोळा करायचा हे मात्र वकिलाला विचारावे लागते, आणि वकिलापर्यंत माणूस पोचतो तोवर सहा महिने, कधी वर्ष उलटलेले असते. एवढ्या काळात सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाते, शेजारच्या मशीनवरचा सोबती गावाला निघून जातो, ठेकेदार नव्या नावाने नवा ठेका घेतो. म्हणून या पुस्तिकेचा सगळा भर पहिल्या दोन दिवसांवर आहे. वकिलाचे कसब पुढे उपयोगी पडतेच, पण ते चालते कशावर, तर त्या दोन दिवसांत जे लिहिले गेले आणि जे हाती राहिले त्यावर.

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या एखाद्या लहान प्रेस शॉपमधली रात्रपाळी डोळ्यांसमोर आणा. हेल्पर म्हणून घेतलेल्या मुलाला पॉवर प्रेसवर बसवलेले आहे. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय डाय खाली येऊ नये अशी सोय अशा मशीनला असू शकते, पण नग जास्त निघावेत म्हणून ती बंद करून पायाच्या पेडलवर काम चालू आहे. अडकलेला पत्रा काढायला हात आत जातो, नेमका त्याच क्षणी पाय पेडलवर पडतो. सुपरवायझर मुलाला मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून ओळखीच्या खासगी दवाखान्यात नेतो. ड्युटीवरचा डॉक्टर विचारतो, "काय झालं?" मुलाच्या तोंडून शब्द फुटत नाही. उत्तर सुपरवायझर देतो : "रूमवर दारात बोट सापडलं, साहेब." डॉक्टरला टाके घालायची घाई असते. तो ऐकले ते केसपेपरवर लिहितो आणि पुढच्या कामाला लागतो.

ती एक ओळ पुढे सगळीकडे जाते. केसपेपरवरून ती डिस्चार्ज कार्डावर उतरते, तिथून अपंगत्वाच्या दाखल्याच्या अर्जात, तिथून विमा कंपनीच्या फाइलमध्ये. दारात बोट सापडले म्हटल्यावर पोलिसांना कळवायचे कारण उरत नाही, म्हणजे एमएलसी (मेडिको-लीगल केस) होत नाही. एमएलसी नाही म्हणून जबाब नाही, पंचनामा नाही. फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवणे तर दूरच. दोन वर्षांनी उलटतपासात समोरचा वकील तो केसपेपर पुढे करून एवढेच विचारतो की बोट मशीनमध्ये गेले असेल तर इथे दरवाजा कसा लिहिला आहे. मुलगा खरे सांगतो, पण त्या खऱ्याच्या बाजूने एकही समकालीन कागद नसतो.

यावर उपाय आहे, आणि तो अवघड नाही. जखमी माणसाबरोबर दवाखान्यात जाणाऱ्यांत निदान एक जण त्याच्या बाजूचा असावा. भाऊ असेल, खोलीतला मित्र असेल, युनियनचा माणूस असेल. डॉक्टरला स्पष्ट सांगावे की कामावर, अमुक कंपनीत, अमुक मशीनवर अपघात झाला, आणि तसे लिहिले आहे का ते केसपेपर हातात घेऊन वाचावे. एमएलसी करा असे तोंडाने म्हणावे. चुकीची नोंद आधीच झाली असेल तर शुद्धीवर आल्याबरोबर जखमीच्या सहीने किंवा अंगठ्याने दवाखान्याला दुरुस्तीचा अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. दुसऱ्या दिवशी दिलेल्या अर्जाला जे वजन असते, ते वर्षभराने केलेल्या प्रतिज्ञापत्राला येत नाही. त्याच दिवशी मालकाला लेखी कळवावे की गेटवरचे आणि शेडमधले चित्रण जपून ठेवा. मालकाने ते जपले नाही, तरी मागितले होते याचा कागद आपल्याजवळ राहतो आणि कोर्टात तो बोलतो.

इथे एका गैरसमजाबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण त्यापायी हजारो दावे दाखलच होत नाहीत. जखमी माणूस म्हणतो, "साहेब, चूक माझीच होती. माझंच लक्ष नव्हतं." असे म्हणून तो गप्प बसतो. चूक कोणाची हा प्रश्न भरपाईच्या कायद्यात जवळजवळ गैरलागू आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याआधी गिरणीत पट्ट्यात हात गेला तर मालकाचा हलगर्जीपणा दिवाणी कोर्टात सिद्ध करावा लागे, आणि गिरणी कामगाराला ते परवडणारे नव्हते. इंग्लंडने १८९७ च्या कायद्याने ही अट काढून टाकली. त्याच धर्तीवर आपला कायदा आला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. धंद्यातून नफा ज्याला होतो, त्या धंद्यातल्या अपघाताचा बोजाही त्यानेच उचलावा, ही त्यामागची भूमिका. मालकाला सुटका मिळते ती मोजक्या प्रसंगी : कामगार दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली होता, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा संरक्षक साधन जाणूनबुजून काढून टाकले, आणि त्यामुळेच इजा झाली. हे सिद्ध करायचे मालकाने. शिवाय मृत्यू झाला असेल किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल, तर या सबबीसुद्धा चालत नाहीत. क्षणभर लक्ष विचलित होणे, घाई होणे, झोप येणे यांपैकी काहीच या यादीत बसत नाही. बारा तासांच्या पाळीत झोप येणारच.

मग सिद्ध काय करायचे? ज्याच्यावर दावा आहे त्याच्याकडे आपण नोकरीला होतो, अपघाताने इजा झाली, आणि तो अपघात काम चालू असताना आणि कामामुळे झाला. शेवटच्या अटीचे हे दोन भाग आहेत आणि दोन्ही लागतात. पहिल्या भागात वेळ आणि ठिकाण येते, दुसऱ्यात कारण. पाळीच्या वेळेत, कारखान्याच्या आवारात घडले एवढ्याने काम चालू असताना घडले हे दिसते. पण ते कामामुळेच घडले हे त्यातून आपोआप सिद्ध होत नाही. दाव्यांचा निकाल बहुधा या दुसऱ्या भागावर लागतो.

यातला सर्वांत कठोर निकाल मुंबईच्या भरपाई आयुक्तांसमोर सुरू झालेल्या एका प्रकरणात लागला. डिसेंबर १९६१ मध्ये 'द्वारका' हे जहाज पर्शियन आखातात असताना त्यावरचा एक खलाशी नाहीसा झाला. त्याने छातीत दुखत असल्याची तक्रार केली होती आणि जहाजावरच्या डॉक्टरने त्याला औषध दिले होते. पहाटे अडीचच्या सुमारास तो ब्रिजजवळ दिसला, त्याला झोपायला परत पाठवले गेले. तीनच्या सुमारास तो खालच्या डेकवर एकाला भेटला आणि झोपायला जातोय म्हणाला. सकाळी सव्वासहाला तो जहाजावर कुठेच नव्हता. त्याच्या बापाने दावा लावला. आयुक्तांनी जहाज स्वतः पाहिले. कडेचा कठडा साडेतीन फुटांहून उंच असल्याचे नोंदवले आणि दावा फेटाळला. हायकोर्टाने तो मंजूर केला, आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा फेटाळला. कोर्टाने सांगितलेले सूत्र आजही प्रत्येक दाव्यात उद्धृत होते : सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची आहे, डोळ्यांनी पाहिलेलाच पुरावा हवा असे नाही, परिस्थितीवरूनही निष्कर्ष काढता येतो, पण तो निष्कर्ष हाती असलेल्या तथ्यांतून निघाला पाहिजे, नुसत्या अंदाजावर उभा राहता कामा नये.

सूत्र म्हणून हे ठीक आहे. त्या बापाच्या जागी बसून विचार केला की त्यातला अन्याय दिसतो. जहाज कंपनीचे, डॉक्टर कंपनीचा, लॉगबुक कंपनीचे, साक्षीदार सगळे कंपनीच्या नोकरीतले. मुलगा भर समुद्रात त्या जहाजावर होता तो कामासाठीच. मग रात्री तीन ते सव्वासहामध्ये काय झाले याची काही माहिती देण्याची पहिली जबाबदारी कंपनीवर का नसावी? राज्य विमा कायद्यात, म्हणजे ज्याला आपण ईएसआय म्हणतो त्यात, असे गृहीतक आहे : अपघात काम चालू असताना झाला हे दाखवले की तो कामामुळेच झाला असे धरायचे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत. १९२३ च्या कायद्यात सर्वसाधारण अपघातांसाठी असे गृहीतक नाही. ते असायला हवे होते, असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे. कारण ईएसआयचे कार्ड ज्याच्याजवळ आहे त्याला ही सवलत आणि ज्याच्याजवळ नाही त्याला नाही, असा आज प्रकार आहे. आणि कार्ड नसणाराच जास्त असहाय असतो.

निदान एवढे करता येते की परिस्थितीचा तपशील अर्जातच भरपूर द्यावा. दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. एक चालक गाडी घेऊन गेलेला असताना देवळाच्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसला होता, तिथून घसरून बुडाला. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटले की याचा कामाशी संबंध नाही. दुसरा चालक मे महिन्याच्या उन्हात अंबाल्याहून मीरतकडे ट्रक नेत होता. वाटेत कालव्यावर पाणी आणायला उतरला आणि बुडाला. २०२० मध्ये त्याच कोर्टाने त्याच्या कुटुंबाला भरपाई दिली, कारण भर उन्हाळ्यात लांबच्या वाटेवरच्या चालकाने पाण्यासाठी उतरणे हा त्या कामाचाच भाग आहे. दोघेही चालक, दोघेही बुडाले. फरक पडला तो पाण्याजवळ कशासाठी गेला यामुळे. "पाण्यात पडून मयत" एवढेच लिहिलेला अर्ज पहिल्या रांगेत जाऊन बसतो. ऊन किती होते, गाडी किती तासांपासून चालू होती, कॅन हातात होता का, क्लीनर काय करत होता, हे लिहिलेला अर्ज दुसऱ्या रांगेत जाण्याची शक्यता बरीच असते.

हृदयविकाराच्या दाव्यांचेही असेच. मुंबई हायकोर्टासमोर १९५० च्या दशकात पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याचे प्रकरण आले. त्याला हृदयाचा विकार आधीपासून होता, रात्रपाळीत छातीत दुखू लागले आणि तो गेला. मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या खंडपीठाने म्हटले की काम हे मृत्यूचे एकमेव कारण असण्याची गरज नाही. कामाच्या ताणाने मृत्यूला हातभार लावला, तो लवकर ओढवला, एवढे पुरे. पण हा हातभार दाखवावा लागतो. २००६ मध्ये ट्रकवरच्या एका क्लीनरच्या मृत्यूचा दावा सुप्रीम कोर्टात टिकला नाही, कारण त्याच्या कामात ताण होता असा पुरावाच कोणी आणला नव्हता. उलट दिल्लीहून निमियाघाटपर्यंत हजारावर किलोमीटर ट्रक चालवत गेलेल्या आणि तिथे कोसळलेल्या चालकाच्या बाबतीत २०१२ मध्ये कोर्टाने प्रवासाचे अंतर आणि अवजड गाडी हाकण्याचा शीण यांवरूनच संबंध मान्य केला. म्हणून नवरा ड्युटीवर गेला आणि अटॅकने वारला असे सांगत आलेल्या बाईला पहिला प्रश्न विचारायचा तो मागच्या आठ-दहा दिवसांच्या ओव्हरटाइमचा. लागोपाठ किती पाळ्या केल्या, कोणाची बदली म्हणून थांबला होता, त्या दिवशी काय उचलले, घरी फोनवर काय म्हणाला. फोनमधले संदेश इथे फार मोलाचे असतात. ते पुराव्यात आणताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्याचा नमुना आत दिला आहे. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, हे मात्र घरच्यांना आजच सांगायला हवे.

घर ते कारखाना या वाटेवरचा अपघात हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे, आणि त्यात मुंबई-महाराष्ट्रातली दोन प्रकरणे मैलाचे दगड आहेत. जुलै १९५७ मध्ये बेस्टचा एक चालक जोगेश्वरी डेपोत पाळी संपवून बेस्टच्याच दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला. वाटेत ती बस उभ्या लॉरीवर आदळली आणि तो जखमी होऊन पुढे वारला. पाळी संपली होती, तो प्रवासी म्हणून बसला होता, तरी १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टाने बहुमताने त्याच्या विधवेच्या बाजूने निकाल दिला. चालकांना बसमधून ये-जा करू देणे ही सेवेच्या गरजेतून दिलेली सोय होती, म्हणून कामाची हद्द तिथवर पसरते असे कोर्ट म्हणाले. पुढे १९९६ मध्ये मात्र साडेचारच्या पाळीसाठी सायकलवरून निघालेल्या, सव्वाचारला कारखान्यापासून एक किलोमीटरवर लॉरीने उडवलेल्या केरळच्या कामगाराला ईएसआयचा लाभ नाकारला गेला. त्यानंतर २०१० मध्ये संसदेने राज्य विमा कायद्यात नवे कलम घालून घर आणि कामाची जागा यांमधला प्रवास आत घेतला.

दुसरे प्रकरण धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या एका रखवालदाराचे. त्याची पाळी पहाटे तीन ते सकाळी अकरा अशी. २२ एप्रिल २००३ रोजी रात्री मोटारसायकलने कामावर निघाला आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये मंजूर केले, हायकोर्टाने ते रद्द केले, आणि २९ जुलै २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला. प्रवासाची वेळ, जागा, परिस्थिती आणि नोकरी यांचा दुवा जुळत असेल, तर घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही १९२३ च्या कायद्याखाली कामावरचाच, हे आता स्पष्ट झाले आहे. अपघात आणि अंतिम निकाल यांच्यात २२ वर्षे गेली, याची मात्र आपल्या सगळ्यांना लाज वाटली पाहिजे. दाव्याचा निकाल तीन महिन्यांत द्यावा असे २००९ च्या दुरुस्तीने कायद्यातच लिहिले होते.

आता त्या पहिल्या वाक्याकडे येतो : हा आमचा कामगार नव्हेच. महाराष्ट्रात या वाक्याने सर्वांत जास्त घरे बुडवली आहेत ती ऊसतोडीत आणि बांधकामात. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, निघतो तो मुकादमाची उचल घेऊन. करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी, ऊस कारखान्याचा, फड शेतकऱ्याचा. ट्रॉली उलटली, मोळी चढवताना बाई फळीवरून पडली, रात्री कोपीत साप चावला, की तिघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. कायद्याचे कलम १२ नेमके यासाठी आहे : आपल्या धंद्यातले काम ठेकेदाराकरवी करून घेणारा मूळ मालक भरपाईला जबाबदार असतो, मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. पण कारखान्यापर्यंत दोरा न्यायचा तर कागद लागतो. तो कागद पुष्कळदा असतोही, आपल्याला त्याची किंमत ठाऊक नसते. वजनकाट्याची पावती, ज्यावर तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर असतो. उचलीचा स्टँप पेपर. फोनवरून आलेले पैसे आणि ते कोणाच्या खात्यातून आले ते. मुकादमाने टोळीला पाठवलेला व्हॉइस मेसेज. कोपी कारखान्याने नेमून दिलेल्या जागेवर होती हे दाखवणारे फोटो. साप चावला तो झोपेत, कामाच्या वेळेबाहेर, असा आक्षेप येतोच. पण शंभर कोसांवर फडाच्या कडेला पाचटाच्या झोपडीत झोपण्याची वेळ त्या माणसावर कामानेच आणली होती, हा मुद्दा मी नेहमी आग्रहाने मांडतो आणि तो मांडलाच पाहिजे.

कारखान्यात हेच वाक्य वेगळ्या रूपात येते. मस्टरवर नाव नसते, किंवा अपघातानंतर घाईघाईने ईएसआयचे कार्ड काढले जाते. अशा वेळी नोंदणीची तारीख आणि अपघाताची तारीख शेजारी ठेवली की बरेच काही उघड होते. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद हजर करवण्याचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. म्हणून मस्टर, पगारपत्रक, गेट रजिस्टर, त्या दिवसाचे उत्पादनाचे कार्ड हे सगळे हजर करावे असा अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा. जवळ असलेला कागद मालकाने आणला नाही, तर तो त्याच्याविरुद्ध गेला असता असे धरता येते. हे पुरावा कायद्याचे जुने तत्त्व आहे, पण अर्जच दिलेला नसेल तर ते लावायला जागा उरत नाही.

धुळीने आणि आवाजाने होणाऱ्या आजारांत अपघाताचा क्षणच नसतो. सिलिकोसिस, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस, आवाजाने आलेला बहिरेपणा हे कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. त्या त्या कामात ठरलेला काळ काढला असेल तर आजार कामामुळेच झाला असे कायदा मानून चालतो. इथे लढाई दोनच गोष्टींची : आजाराचे नेमके निदान आणि नोकरीचा काळ. खडी क्रशरवरच्या माणसाच्या छातीच्या फोटोवर टीबी असे लिहून औषधे सुरू केली जातात आणि तो तसाच जातो. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर कुठे आणि किती वर्षे काम केले ते केसपेपरवर लिहून घ्या, एवढे तरी प्रत्येकाने करावे.

पैशाच्या हिशोबाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो भाग आत कोष्टकांसह आहे. ३० वर्षांच्या, महिना १५,००० रुपये पगाराच्या माणसाची तर्जनी पूर्ण गेली, तर पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक २०७.९८, आणि त्याचे १४ टक्के, म्हणजे सुमारे २,६२,००० रुपये होतात. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. टक्केवारी ठरवताना डॉक्टरांनी हाताबरोबर धंद्याकडेही पाहायला हवे. १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टाने डावा हात कोपराच्या वरून गेलेल्या सुताराचे नुकसान शंभर टक्के धरले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही.

मालकाच्या चांगुलपणाविषयीही इथेच लिहिले पाहिजे. अपघातानंतर काही मालक खरोखर माणुसकीने वागतात. काही मात्र पगार चालू ठेवतो, केस करू नकोस असे म्हणतात, आणि दोन वर्षे उलटली की कामावरून काढतात. दावा दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. उशीर सबळ कारणासाठी माफ होऊ शकतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. पगार घेत राहावे आणि दावाही लावावा, या दोन्हींत काही विसंगती नाही. कोऱ्या कागदावर सही करू नये. भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा करार कायद्याने रद्दबातल आहे, आणि मृत्यूच्या प्रकरणात भरपाई आयुक्तांकडेच भरावी लागते; घरी येऊन विधवेच्या हातात दिलेल्या पाकिटाने मालक मोकळा होत नाही. नोटीस दिली नव्हती ही सबबही, मालकाला अपघात त्या सुमारास इतर मार्गाने कळला असेल तर, टिकत नाही. फॅक्टरी इन्स्पेक्टरला गेलेला अहवाल किंवा सुपरवायझरचा एखादा मेसेज त्यासाठी पुरतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. कलमांचे क्रमांक बदलले, आयुक्तांच्या जागी सक्षम प्राधिकारी आले, प्रवासातला अपघात संहितेत स्पष्टपणे आला. काय सिद्ध करायचे याची मूळ अट तीच आहे आणि शंभर वर्षांचे निकाल त्याच अटीवरचे आहेत, म्हणून या पुस्तिकेत जुने निकाल आणि जुने कलम-क्रमांक ठेवले आहेत. समोर नवे क्रमांक दिले आहेत.

वाचण्याचा क्रम वाचकाच्या अडचणीप्रमाणे ठरवावा. युनियनच्या कार्यकर्त्याने आणि वस्तीतल्या आरोग्यसेविकेने पहिली दोन प्रकरणे आधी वाचावीत आणि त्यांतली तपासयादी फोनमध्ये ठेवावी. वकिलांना चौथ्या प्रकरणातले उलटतपासाचे मुद्दे उपयोगी पडतील. आणि ज्यांच्या घरात अपघात या आठवड्यातच झाला आहे, त्यांनी प्रस्तावना इथेच सोडून शेवटचे परिशिष्ट उघडावे. तिथे दवाखान्याला द्यायचा दुरुस्तीचा अर्ज, मालकाला द्यायची नोटीस आणि चित्रण जपण्याचे पत्र असे तीन नमुने आहेत. नाव, तारीख आणि मशीन एवढेच भरायचे आहे; तीनही पत्रे स्पीड पोस्टाने पाठवावीत आणि पावत्या केसपेपरला टाचून ठेवाव्यात.